मालिकेतलं गाव आपलं का वाटत नाही?

प्रश्न: नमस्कार दादा, मी अन् सासूबाई रोज जेवणं उरकली की मालिका लावून बसतो. गाव दाखवलं की एकतर नदीचा घाट, नाहीतर कोकणातलं कौलारू घर, सगळं कसं हिरवंगार. सासूबाई म्हणतात, हे गाव नव्हं, पिकनिकची जागा हाय. आपल्याकडचं, मराठवाड्यातलं गाव का दाखवत नाहीत?
– एक वाचक, सेलू

उत्तर: ताई, सासूबाईंना नमस्कार सांगा, लाखातलं बोलल्या. पहिलं कारण अगदी रोकडं आहे. डेली सोप म्हणजे रोजच्या रोज एपिसोड बाहेर काढायचा, कलाकार बहुतेक मुंबई-पुण्याचे, त्यात कुणाचा मधेच नाटकाचा प्रयोग, मग प्रॉडक्शनवाले अशी जागा बघतात की पॅकअप झालं अन् गाडीत बसलं की सकाळी घरी. वाई-सातारा हायवेला लागून आहे, लॉज आहेत, अन् एका युनिटचं जमलं की बाकीचे डोळे झाकून तिकडंच जातात. आपलं लातूर मुंबईपासून जवळजवळ पाचशे किलोमीटर, कोण येतंय!

पण गंमत पुढं आहे. जागा पैसा ठरवतो, अन् मग जागा गोष्ट ठरवायला लागते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही भीतीची मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरीत शूट झाली. कोकणात घर आपापल्या आवारात, भोवती झाडी, शेजारचं घर लांब, भर दुपारी पण ओटीवर अंधारल्यासारखं. अशा घरात काहीही दडवलं तरी खपतं, म्हणून भीती पटते. तीच गोष्ट आपल्याकडं लावून बघा बरं. इथं भिंतीला भिंत, माळवदाला (म्हणजे मातीच्या सपाट छताला) माळवद, उन्हाळ्यात अर्धं गाव वर झोपायला, खून दडवायचा राहू द्या, कुणाकडं पाहुणे आले हे त्यांचा चहा उकळायच्या आत सगळ्या गल्लीला माहीत. आपल्याकडच्या मालिकेत रहस्य चालणारच नाही, सगळ्यांना सगळं माहीत असतं अन् तोंडावर कुणी बोलत नाही, ती मालिका वेगळीच होईल आणि माझ्या मते जास्त भारी होईल.

दुसरी अडचण म्हणजे जुनं गाव राहिलंय कुठं? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडं दगड-मातीच्या जाड भिंती अन् वरचं माळवदाचं ओझं माणसांवरच कोसळलं. त्यानंतर जी गावं नव्यानं वसवली त्यात सरळ रस्ते, ओळीत घरं. बाकीकडं लोकांनीच पत्रे टाकले, स्लॅब ओतले, अन् का टाकू नयेत, राहायचं त्यांना आहे, शूटिंगवाल्यांना नाही. एखादी गढी उभी दिसते, तिचा पण दरवाजा तेवढा शाबूत.

प्रश्न: ‘पंचायत’ वेब सिरीजमधलं फुलेरा गाव खरंच यूपीत आहे का? मित्रासोबत पैज लागलीये.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर: पैज कोणत्या बाजूनं लावलीये त्यावर आहे भाऊ! गोष्टीत यूपीतला बलिया जिल्हा, शूटिंग मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात. ते पंचायत ऑफिस, ती पाण्याची टाकी खरोखरच्या गावातली आहे, म्हणून गोष्टीचा हिरो सचिवजी टाकीवर चढतो तेव्हा आपण पण चढतो. सेटवर हे जमत नाही, कारण सेटवाला फक्त कॅमेऱ्यात येणारी भिंत बांधतो, मागं काय आहे ते त्यालाच माहीत नसतं. बाहेरदेशात पण जागा पैसाच ठरवतो. ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका आधी कॅलिफोर्नियात घडणार होती, न्यू मेक्सिको राज्यानं खर्चाच्या २५ टक्के परत द्यायची स्कीम ठेवली होती म्हणून सगळं बिऱ्हाड अल्बुकर्कीला गेलं, अन् आज ते वाळवंट अन् एवढं मोठं आभाळ काढून टाकलं तर त्या मालिकेत राहतं काय?

प्रश्न: आम्ही कॉलेजची पोरं गावातच वेब सिरीज करतोय, बजेट शून्य. लोकेशनचं काय बघावं?
– एक वाचक, उदगीर

उत्तर: शाब्बास. आधी पिकाकडं बघा. ऑगस्टमध्ये हिरव्यागार सोयाबीनमध्ये सीन घेतला अन् उरलेला अर्धा ऑक्टोबरमध्ये घ्यायला गेलात तर रान काळंभोर उघडं, म्हणजे हिरो वळून बोलेपर्यंत काढणी उरकली! शेतातले सीन एका दमात संपवा. दुपारचं ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खाचा दिसतात, तेव्हा बाहेरचं काम सकाळी नऊच्या आत नाहीतर पाचनंतर. दुपारी माळवदाच्या घरात शिरा, झरोक्यातून उन्हाचा एकच पट्टा खाली येतो, त्यात बसून म्हातारीला ज्वारी निवडायला लावा, लाइट भाड्यानं आणायची गरज नाही. दौलताबाद किंवा वेरूळला कॅमेरे-ट्रायपॉड घेऊन परस्पर जाऊ नका, पुरातत्त्व खात्याची संरक्षित ठिकाणं आहेत, शूटिंगला रीतसर परवानगी लागते. अन् कुणाच्या जुन्या घरात शूट करणार असाल तर मालकाला आधी विचारा, आणि सगळं युनिट एकदम माळवदावर चढवू नका, लाकडं किती जुनी आहेत ते खालून बघून घ्या.