ग्रहीय तेजोमेघांचे, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगांचे, आकार इतके वेगवेगळे का असतात? जोडीदार ताऱ्याचा त्यात हात असतो का?

असतो, आणि मोठा असतो. "तारा स्वतःभोवती फिरतो म्हणून" हे उत्तर मला मुळीच मान्य नाही.

दिवाळीनंतर वांगणीला आमचं आकाशदर्शन होतं. आठ इंची दुर्बिणीत स्वरमंडळ तारकासमूहातला एम ५७, हा कड्यासारखा दिसणारा ग्रहीय तेजोमेघ, लावला होता. कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "तारा गोल, मग कडं लांबट कसं?" ग्रुपमधले ज्येष्ठ काका लगेच म्हणाले, "फिरण्यामुळे." मी म्हटलं, "काका, तारा फुगून तांबडा राक्षस झाला की त्याचं फिरणं अगदी मंदावतं. आकार बिघडवण्याइतका वेग त्याला बाहेरून मिळावा लागतो, जोडीदाराकडून." त्यांनी सगळ्यांसमोर मला गप्प केलं. "नवख्यांना गोंधळात टाकू नकोस. मधे एकच तारा आहे ना?"

अहो, एबेल ६३ या ग्रहीय तेजोमेघाच्या मध्यभागी जोडतारा आहे हे १९७६ मध्येच कळलं होतं! दोघे साधारण ११ तासांत एकमेकांभोवती फिरतात. इतके जवळ येतात कसे? फुगलेला तारा जोडीदाराला पोटात घेतो. जोडीदार आत घिरट्या घालत खाली सरकतो, कक्षेतली ऊर्जा वायूला देतो आणि आवरण मुख्यतः कक्षेच्या प्रतलात बाहेर फेकलं जातं. ताऱ्यातून नंतर सुटणाऱ्या वेगवान वाऱ्याला, म्हणजे वायूच्या प्रवाहाला, मग ध्रुवांकडेच वाट मोकळी मिळते, म्हणून डमरूसारखे आकार.

२०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने एम ५७ च्या कड्याबाहेर दहाएक समकेंद्री कमानी दाखवल्या, सुमारे २८० वर्षांच्या अंतराने उमटलेल्या. संशोधकांच्या मते हे सूर्यापासून प्लूटो जितका लांब, साधारण तितक्या अंतरावरच्या जोडीदाराचं काम असावं. मी ते ग्रुपवर टाकलं. काका त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि ते मला त्या रात्रीपेक्षा जास्त लागलं.

हे मात्र खरं की एम ५७ चा लांबटपणा त्याच जोडीदाराने आणला असं सिद्ध झालेलं नाही. एबेल ६३ सारखा अगदी जवळचा जोडीदार पाचांतल्या एखाद्याच तेजोमेघात सापडतो. चुंबकक्षेत्राचाही वाटा असू शकतो, पण ते टिकवायलाही फिरणं लागतंच. म्हणून कुणी फिरण्यावर बोट ठेवलं तर सरळ विचारा: एवढ्या फुगलेल्या ताऱ्याला तो वेग दिला कुणी?