नवरा टॉवेलचा कारखाना चालवतो आणि कोर्टात महिना १२ हजार उत्पन्न सांगतो, मुलीची पोटगी कशावर ठरणार?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टरांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, रिटर्नवर वर्षाचे दीड लाखाच्या आत दाखवलेत आणि कोर्टात म्हणणं दिलंय की महिन्याला १२ हजारच सुटतात, मुलीला दोन हजाराच्या वर देणं जमत नाही. वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. मी वकील नाही, पण इथं सोलापुरातच कारखान्यांचे हिशोब लिहायचं काम करते, जीएसटी, रिटर्न, बॅलन्सशीट रोज हातातून जातं, म्हणून हिशोबाच्या बाजूने सांगते, कायद्याचं तुमच्या वकिलांकडून पक्कं करून घ्या.

रिटर्नवरचा आकडा म्हणजेच कमाई असं धरून बसू नका. छोट्या धंद्याला एक सोय आहे, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी, दोन कोटीपर्यंत उलाढाल असेल तर वह्या न ठेवता विक्रीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेतून आले असतील तर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. हा कमीत कमी आकडा आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायचा असतो, पण माझ्या बघण्यात बरेच जण त्या किमान आकड्यावरच थांबतात. म्हणजे १ लाख ४४ हजार नफा ६ टक्क्याने दाखवला असेल तर विक्री २४ लाख धरलेली आहे. आता जीएसटी रिटर्नमध्ये त्याच वर्षाची विक्री किती आहे ते कोर्टापुढे मागवा, दोन्ही आकडे जुळले नाहीत तर उत्तर त्यांनी द्यायचंय, तुम्ही नाही.

वह्या ठेवत असतील तर मग नफ्याच्या ओळीपेक्षा कॅपिटल अकाउंट, म्हणजे मालकाच्या भांडवलाचं खातं बघा, त्यात 'ड्रॉइंग' म्हणून जे असतंय ते मालकाने घरासाठी उचललेले पैसे. नफा दीड लाख आणि ड्रॉइंग सहा लाख असेल तर बाकीचे साडेचार लाख आले कुठून हा साधा प्रश्न वकिलांनी उलटतपासात विचारायचा. आणि एक गोष्ट बायकांच्या लक्षातच येत नाही, तुम्ही एकत्र होता तेव्हा मुलीची शाळेची फी, दवाखाना, घराचा किराणा बहुतेक याच खात्यातून गेलेला असतो, म्हणजे मुलगी कशी वाढत होती याचा पुरावा त्यांच्याच वहीत आहे, त्या वर्षांची वही जरूर मागा. शिवाय गाडी, पेट्रोल, मोबाईल, विमा कारखान्याच्या खर्चात टाकलेत का, भावाला पगार, आईला शेडचं भाडं लावलंय का हेही बघा. घसारा, म्हणजे मशीन जुनं होतंय म्हणून धरलेली झीज, तर मशिनरीवर १५ टक्क्याने नफ्यातून कागदावर वजा होतो, त्या वर्षी खिशातून रुपया जात नाही. पण खरं तेही सांगते, कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल नफ्यातून वजा होत नाही तरी ती द्यावीच लागते, त्यामुळे मोठं कर्ज असेल तर कोर्ट तेही बघणार.

कारखाना बंदच आहे म्हणाले तर लाईट बिल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट दिसतात, माग फिरत नसतील तर युनिट पडलेले दिसतील, फिरत असतील तर तेही लपत नाही. घरात जुनं बिल असेल तर ग्राहक क्रमांक टिपून ठेवा. मात्र त्यांचा मोबाईल, मेल, पोर्टलचा पासवर्ड वगैरे उघडायला जाऊ नका, जे पाहिजे ते कोर्टाकडून मागवून घ्यायचं.

यासाठी सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा नोव्हेंबर २०२० चा निकाल तुमच्या कामाचा आहे. त्यामुळे पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, बँक खाती यांचं ठरलेल्या नमुन्यात ॲफिडेव्हिट द्यावं लागतं, तुम्हालाही, त्यामुळे तुमचं शिवणकामाचं उत्पन्न लपवू नका. खोटं ॲफिडेव्हिट दिलं तर वेगळी कारवाई होऊ शकते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते हेही त्याच निकालात आहे. त्यांनी ॲफिडेव्हिट दिलंय का हे आधी बघा, नुसतं म्हणणं देऊन चालत नाही.

२५ टक्के मिळतातच असं कोणी सांगितलं असेल तर तसा मुलांसाठी काही ठरलेला टक्का कायद्यात नाही. मुलीची गरज, ती आधी कशी राहत होती आणि दोघांची कमाई बघून रक्कम ठरते, आईचीही कमाई असेल तर भार त्या प्रमाणात वाटला जातो. म्हणून मुलीचा खर्च मोघम 'दहा हजार' लिहू नका. फीची पावती, रिक्षावाल्या काकांचे महिन्याचे पैसे, ट्यूशन, वह्या, औषधं, भाड्यातला तिचा वाटा, सगळं कागदासकट लावा. अंदाजे लिहिलेल्या खर्चाला समोरचा वकील लगेच कात्री लावतो.

सोलापूरच्या पूर्व भागात दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर माग चालवणारे खूप आहेत, त्यांचं उत्पन्न खरोखर कमी असतंय. तुमचे मिस्टर मजुरीवर आहेत की स्वतःचा माल विकतात हे तुम्हाला माहीत असेलच, ते अर्जात स्पष्ट लिहा. मजुरीवर असले तरी अंगात काम करायची ताकद असलेल्या बापाची जबाबदारी संपत नाही, रक्कम तेवढी कमी येईल.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईला आणि मुलाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज वेगळा टाकलाय ना? नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढायचा असतो, पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. आणि ऑर्डर झाल्यावर पैसे थकले तर गप्प बसू नका, त्या कलमाखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो.