मन लागायची वाट बघत बसू नका

या वेळी दोनच पत्रं घेतलीत. पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण त्या तऱ्हेची पत्रं जून ते सप्टेंबर सारखी येतात.

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. मालक गोव्याला कामाला, पंधरा दिवसांनी येतात. मृग लागला की मला काय होतं कळत नाही, आषाढात तर आठ आठ दिवस ऊन नाही, सोप्यात दोरीवर कपडे तसेच ओले, सगळ्या घराला कुबट वास. कशात मन लागत नाही. पोरं झोपली की मोबाईल घेते ते दीड कधी वाजतो कळतच नाही, मग सकाळी उठवत नाही. सासूबाई म्हणतात तुला कमी काय आहे. खरंच कमी काही नाही, म्हणून जास्तच वाईट वाटतं. मन लागलं की शिलाई मशीन परत सुरू करीन म्हणत दोन वर्षं गेली, त्याच्यावर आता कपड्यांचा ढीग पडलाय.

उत्तर : अगं, तू म्हणते तुला, राग मानू नकोस, माझ्या लेकीच्या वयाची असशील. पहिलं म्हणजे "कमी काय आहे" हे मनातनं काढून टाक. ताप आलेल्याला कुणी विचारत नाही की घरात सगळं असताना ताप कसा आला.

आता ते मशीनचं. "मन लागलं की सुरू करीन" म्हणालीस ना, गाडी तिथंच अडलीय. मन चांगलं असतं तेव्हा आधी हुरूप येतो मग हात चालतात, पण उदास माणसाचं उलटं असतं, हात आधी चालवावे लागतात आणि मन मागनं येतं, कधी कधी चांगलं आठवडाभर मागनं. डिप्रेशनच्या उपचारात हे मुद्दाम करून घेतात, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात त्याला.

माझी आई गेली त्या वर्षी पाच महिने मी दारात रांगोळी घातली नव्हती. शेजारच्या काकू एक दिवस म्हणाल्या, रांगोळी राहू दे, नुसता सडा घाल. मी घातला. दुसऱ्या दिवशी पण घातला, मन लागलं म्हणून नव्हे, काकू बघतील म्हणून. नवव्या का दहाव्या दिवशी ओल्या जमिनीकडे बघून वाटलं, चार ठिपके काढावेत. तेवढेच काढले आणि आत येऊन रडले, पण ते रडणं वेगळं होतं, कसं सांगू.

म्हणून तू उद्या काही शिवू नकोस. मशीनवरचा ढीग खाली काढ, पट्टा फिरतोय का बघ, दोरा ओवून ठेव आणि उठ. परवा एक फाटकी उशीची खोळ. वेळ ठरवून कर, पोरं शाळेला गेली की लगेच, कारण "दुपारी बघू" म्हटलं की ते राहतंच.

दुसरं, उजेड. आपलं झोपेचं घड्याळ डोळ्यात जाणाऱ्या उजेडावर चालतं. उजेड लक्समध्ये मोजतात, घरात ट्यूबखाली तो दोनतीनशे लक्स असतो, बाहेर ढगाळ सकाळीसुद्धा हजाराच्या वर जातो, आपल्याला डोळ्यांना तेवढा फरक वाटत नाही एवढंच. तर सकाळचा चहा चुलीपाशी न घेता दारात पायरीवर बसून घे, वीसपंचवीस मिनिटं, पाऊस असू दे की.

मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव आणि उठायला गजराचं साधं घड्याळ आण. उशाखाली मोबाईल ठेवून "आज बघणार नाही" म्हणणं कुणाला जमत नाही, मला पण जमलं नाही. चार दिवस चुकलं तर सोडून देऊ नकोस. लंडनमधल्या २००९ च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ असा हिशेब निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकल्यानं काही बिघडत नाही असंही दिसलं.

पण एक नीट ऐक. दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर असंच वाटत असेल, भूक-झोप पार बिघडली असेल तर सवयींवर थांबायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. थायरॉईड आणि रक्त पण तपासून घे, त्यानंही असा थकवा येतो. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात, कुठल्या मंगळवारी ते आधी विचारून जा. जीव नकोसा झाला असं वाटलं तर मंगळवारची वाट बघायची नाही, त्याच घटकेला सासूबाईंना उठव आणि १४४१६ ला फोन लाव. टेली मानस म्हणतात त्याला, फुकट आहे, रात्री पण चालू असतं, भाषा निवडता येते, तेव्हा कन्नड येत नाही म्हणून अडायचं कारण नाही.

प्रश्न : मॅडम, मी बेळगावात उद्यमबागेत फौंड्रीत आहे, तीन वर्षं झाली नाईटच करालोय. दिवसा झोप लागत नाही, डोकं सारखं तापलेलं. परवा पोरानं टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून त्याच्यावर हात उचललो. त्या दिवसापासनं पोरगं माझ्याजवळ येत नाही. मी असा नव्हतो हो.

उत्तर : भाऊ, तुम्ही असे नव्हता हे तुमच्या पत्रातच दिसतंय. झोप तुटलेल्या माणसाचा राग आधी सुटतो. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत घ्या, कारण चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीरातनं जायला पाचसहा तास लागतात. सकाळी घरी येताना डोळ्यावर ऊन कमी येऊ द्या, टोपी घाला, पण काळा चष्मा लावून झोपेच्या तंद्रीत गाडी चालवू नका. घरी आल्यावर इकडचं तिकडचं करत न बसता थोडं खाऊन आडवं व्हा, खिडकीला जाड चादर लावा, आणि रोज त्याच वेळेला. सुट्टीच्या दिवशी पण झोपेची वेळ फार हलवू नका. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन शिफ्ट बदलून मागा, तब्येतीसाठी मागण्यात लाज कसली.

आणि पोराशी आजच बोला, झोप सुधारायची वाट बघू नका. कारण सांगायचं नाही, "तू आवाज वाढवलास म्हणून" तर मुळीच नाही. त्याच्याजवळ खाली बसून एवढंच म्हणा की मी चुकलो. तो काही बोलला नाही तरी तिथंच बसून राहा थोडा वेळ.