घोट्याच्या एमआरआयमध्ये टॅलसच्या (घोट्याच्या सांध्यातलं हाड) कार्टिलेजला (हाडावरचा गुळगुळीत थर) आणि खालच्या हाडाला १० मिमीचं डॅमेज आलंय, ऑपरेशन करावंच लागेल का?

लगेच करावंच लागेल असं नाही, डॅमेज झालेला तुकडा सुटून जागेवरून हललेला नसेल तर आधी बूट किंवा प्लास्टर, पायावर वजन कमी आणि मग फिजिओथेरपी असे ३ ते ६ महिने बघतात. कार्टिलेजला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो त्यामुळे ते आपोआप नीट भरून येत नाही, पण खालच्या हाडाची सूज उतरली की बऱ्याच जणांचं दुखणं आटोक्यात येतं. नाहीच थांबलं तर एवढ्या लहान डॅमेजला, ढोबळमानाने १५ मिमीच्या आत, दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चर करतात, म्हणजे खराब भाग खरवडून हाडाला बारीक भोकं पाडायची, त्यातून रक्त आणि मज्जा वर येते आणि हळूहळू नवीन थर धरतो, फक्त तो फायब्रोकार्टिलेजचा असतो, मूळच्यापेक्षा जरा कच्चा माल म्हणा. मोठं डॅमेज किंवा हाडात सिस्ट (द्रव भरलेली पोकळी) असेल तर बहुतेकदा गुडघ्यातून हाड-कार्टिलेजचा छोटा तुकडा काढून तिथे बसवतात. मात्र घोटा मध्येच अडकत असेल किंवा लॉक होत असेल तर वाट बघत बसू नका, सुटा तुकडा असू शकतो, फूट-अँकलवाल्या ऑर्थोपेडिकला लवकर दाखवा.