पाश्चात्त्य देशात ताओ धर्माचं केंद्र उभारायचं असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की युरोपात तुमचा ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम) आणि ध्यानाचा छोटा गट आहे, आणि आता देऊळ, राहण्याची सोय, दीक्षेपर्यंतचं शिक्षण असं सगळं असलेलं केंद्र काढायचं मनात आहे. आधी चीनहून गुरू आणावा, जागा घ्यावी की अभ्यासक्रम ठरवावा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते या तिन्ही गोष्टी नंतरच्या. आधी नेमाची पूजा सुरू करा आणि स्वयंपाकघर चालू करा. या दोन्हींसाठी जी माणसं वर्षभर न बोलावता येतात, ती तुमची संस्था.

मी टोरांटोजवळ राहतो आणि बरीच वर्षं फुंग लॉय कॉक या संस्थेत जातो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. मॉय लिन-शिन हे हाँगकाँगचे ताओ साधक 1970 साली कॅनडात आले, आधी माँट्रिअलला आणि मग टोरांटोला. त्याआधी 1968 मध्ये हाँगकाँगला फुंग लॉय कॉक हे देऊळ स्थापन करणाऱ्यांत ते होते. म्हणजे देवळाचा अनुभव गाठीशी होता, पण इथे त्यांनी आधी शिकवलं ते ताई ची. यांग पद्धतीवर आधारलेला 108 हालचालींचा संच, तोही आरोग्यासाठी. फुंग लॉय कॉक ही धर्मसंस्था टोरांटोत उभी राहिली 1981 मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. ती अकरा वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. गुडघे आणि कंबर धरून आलेल्या लोकांतून झाडलोट करणारे, हिशेब ठेवणारे, नवख्यांना शिकवणारे कार्यकर्ते तयार झाले आणि मग त्यांच्या खांद्यावर देऊळ आलं. शिकवणाऱ्याला मानधन नाही, हा नियम सुरुवातीपासून आजतागायत आहे. तुमचा गट आज याच टप्प्यावर आहे, त्यामुळे घाई करू नका.

आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात शिबिराची फी नसते आणि जुने साधक सेवेला येऊन स्वयंपाक-सफाई बघतात, हे तुम्हाला माहीत असेल. ताओ केंद्रालाही तसाच कणा लागतो. शनिवार-रविवारच्या कार्यशाळा घेऊन, पायरी एक, पायरी दोन अशी प्रमाणपत्रं देऊन पैसा लवकर उभा राहतो, हे खरं. पण फी भरून आलेला माणूस शिकून झालं की जातो, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. त्याच्याशी ठरलेला व्यवहार तेवढाच होता.

नेमाची पूजा म्हणजे काय, तेही सांगतो. एक वेदी. तिच्यावर उदबत्ती, फुलं, दिवा, पाणी आणि फळं, या पाच गोष्टी. चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला, म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, विशेष पूजा. एरवी सकाळ-संध्याकाळ पाठ. आमच्याकडे पाठाच्या पोथीत चिनी अक्षरांखाली कँटोनीज उच्चार रोमन लिपीत छापलेले आहेत. चिनीचा गंध नसलेले निवृत्त कॅनेडियन शिक्षक ते बघून म्हणतात, आणि शेजारी उभ्या असलेल्या आजी लाकडी मासा, म्हणजे पाठाचा ठेका धरण्याचं ते पोकळ लाकडी वाद्य, एका लयीत वाजवत राहतात. कोणी मागे पडलं की आजी ठेका सोडत नाहीत, फक्त त्याच्या पोथीतल्या ओळीवर बोट ठेवतात. पाठ संपला की त्याच आजी स्वयंपाकघरात जाऊन बोक चोय ही चिनी पालेभाजी कशी चिरायची ते दाखवतात, पांढरे देठ वेगळे, पानं वेगळी, कारण देठ कढईत आधी जातात. प्रशिक्षण केंद्रात जे शिकायचं, त्यातलं निम्मं या दोन तासांत होतं असं माझं ठाम मत आहे.

आता एक गोष्ट, जिच्याकडे पाश्चात्त्य साधकांचं बहुतेक वेळा दुर्लक्ष होतं, ती म्हणजे मृतांची. स्थलांतरित चिनी कुटुंबं देवळात येतात ती मुख्यतः आईवडिलांच्या नावाची पाटी ठेवायला, छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांचं स्मरण करायला, सातव्या चांद्र महिन्याच्या पंधराव्या तिथीला भटक्या आत्म्यांसाठी पूजा करायला. हा दिवस आपल्या पितृपक्षाच्या थोडा आधी येतो. तुमच्या गटाला ध्यान हवं, त्यांना श्राद्ध हवं. दोघांना एकाच वेदीसमोर उभं करता आलं, तर केंद्र टिकेल. तुमच्या शहरात चिनी वस्ती असेल तर तिथल्या वडीलधाऱ्यांना आजच जाऊन भेटा. त्यांच्याशिवाय ताओ धर्म हा फक्त पुस्तकांतून उचललेला छंद होऊन बसतो, आणि त्यांच्या परंपरेवर तो अन्यायही आहे.

पुरोहिताचं म्हणाल तर दोन मोठ्या परंपरा आहेत. छुआनझेन ही मठांची, ब्रह्मचर्याची. बीजिंगचं पांढऱ्या ढगांचं देऊळ, पाय्युन क्वान, तिचंच. झंगई ही आकाशगुरूंची परंपरा, जिचं परंपरागत पीठ ज्यांग्शी प्रांतातल्या लुंगहू पर्वतावर आहे. तिचे दाओशी, म्हणजे पुरोहित, लग्न करतात, घरी राहतात, गावाचे विधी करतात. मठ चालवायचा तर पूर्णवेळ राहणाऱ्या माणसांचा खर्च समाजाने उचलावा लागतो, आणि तेवढा समाज युरोपात सुरुवातीला मिळणं कठीण. म्हणून झंगईची वाट मला जास्त शक्य वाटते. तैवानमध्ये जन्मलेले वू ज्झ-छेंग याच परंपरेचे दाओशी. त्यांनी 1991 मध्ये रिओ द जानेरोला ब्राझीलची ताओ सोसायटी स्थापन केली आणि ‘दाओ दे जिंग’ या ताओ धर्माच्या मूळ ग्रंथाचा पोर्तुगीज अनुवाद केला. 2004 मध्ये ते अकाली गेले, तरी संस्था चालू राहिली, कारण स्थानिक शिष्य तयार झाले होते. मॉय 1998 मध्ये वारले, तेव्हा टोरांटोतही असंच झालं.

संस्थापकानंतरच्या या काळाची तरतूद संस्थेच्या पहिल्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच, लिहून ठेवा. मालमत्ता संस्थेच्या नावावर, सह्या दोघांच्या, विश्वस्तांची मुदत ठरलेली, हिशेब सभासदांना खुले. गुरूचा शब्द साधनेत अंतिम असावा, बँकेत नसावा. हे लिहायला गुरू हयात असताना संकोच वाटतो, पण नंतर वाद पेटल्यावर ते लिहिता येत नाही.

जागेबद्दल थोडक्यात. भाड्याच्या खोलीत सुरुवात करा. विकत घेण्याआधी नगरपालिकेत विचारा, त्या भागात प्रार्थनास्थळाला परवानगी आहे का आणि पार्किंगच्या किती जागा दाखवाव्या लागतील. शेजाऱ्यांच्या हरकती बहुतेक पार्किंगवरूनच येतात. उदबत्तीच्या धुराने फायर अलार्म वाजतो, त्यामुळे वेदीच्या वर हवा खेचणारा पंखा हवा, आणि उघड्या ज्योतीबद्दल विमा कंपनीकडून लेखी घ्या. राहण्याचं केंद्र शहराबाहेर काढलंत तरी शहरातली खोली सोडू नका. आमचं ऑरेंजव्हिलचं केंद्र टोरांटोपासून साधारण तासाभरावर आहे, पण तिथे जाणारी माणसं घडतात ती शहरातल्या रोजच्या वर्गांत.

आणि वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगा की ही धार्मिक संस्था आहे. वेदीला नमस्कार करायची सक्ती नाही, पण वेदी झाकून ठेवणार नाही. काही जण त्याच दिवशी निघून जातील, जाऊ द्यात. सहा महिन्यांनी पडदा उघडल्यावर ज्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं, त्याचं दुखणं मोठं असतं.