चौदातल्या दहा शाळा खोड

अनेक आशीर्वाद.

प्रबंधासाठी युरोपातल्या शाळा पाहण्याच्या दौऱ्याचा तुझा तक्ता काल रात्री नीट पाहिला. सात आठवडे, सहा देश, चौदा शाळा. प्रत्येक देशाला वेगळा रंग, गाड्यांच्या वेळासुद्धा मिनिटासकट. मेहनत दिसते. तरी वाचून संपेपर्यंत माझ्या हातात पेन्सिल आली होती. यातल्या दहा शाळा खोडाव्यात असं माझं मत आहे. रागावण्याआधी ऐकून घे.

शिष्यवृत्तीवर मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा माझाही असाच तक्ता होता. १९ दिवस, ४ देश, ११ शाळा. परतल्यावर अहवाल लिहायला बसले, वही उघडली, तर पानोपानी तेच: ‘वर्ग प्रशस्त, मुलं मोकळी, शिक्षिका प्रेमळ.’ पाचव्या शाळेचं नाव झाकलं तर ती आठवी वाटावी. एका पानावर नुसतं ‘खिडक्या!!’ असं लिहिलं होतं. कुठल्या खिडक्या आणि त्यांचं काय, ते आजतागायत आठवलेलं नाही.

एका सकाळच्या भेटीत शाळा पाहुण्याला दाखवायचं तेवढंच दाखवते. मुख्याध्यापकांची भेट, पडद्यावरची चित्रफीत, दोन वर्गांत दहा-दहा मिनिटं, आणि दोन चुणचुणीत मुलं तुला इमारत फिरवून आणतात. यात कोणी फसवत नसतं, घरी पाहुणे येणार म्हणून आपणही पसारा आवरतोच की. दुसऱ्या दिवशी हा थाट निम्मा उतरतो. तिसऱ्या दिवशी मुलं तुझ्याकडे बघेनाशी होतात. तुझं काम तिथून सुरू होतं, आणि तुझ्या तक्त्यात तिसरा दिवस एकाही शाळेला नाही.

आता व्हिसाचं उरकून टाकते, कारण तिथे मताचा नाही, चुकीचा प्रश्न आहे. तू नेदरलँड्समधून इंग्लंडला जाणार आणि तिथून इटलीत उतरणार. इंग्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्याचा व्हिसा निराळा. शेंगेनचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला तर इंग्लंडला निघालीस की तो संपला. मग रोमच्या विमानतळावर तुला आत घेणार नाहीत. इंग्लंड हवंच असेल तर ते शेवटी टाक, नाहीतर अनेक प्रवेशांचा व्हिसा माग. दुसरं, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस हा हिशेब, आणि त्यात पोचल्याचा दिवसही धरतात, निघाल्याचाही. तुझे ४९ दिवस आरामात बसतात, पण जूनमध्ये परिषदेला जाऊन आलीस ते दहा दिवसही त्यातच जमा होतात, एवढं लक्षात असू दे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो आला. दिवस आता यंत्र मोजतं. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. निघण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो स्वस्तातला बघू नकोस.

सुट्ट्याही तू पाहिलेल्या दिसत नाहीत. डेन्मार्कला नेमका ऑक्टोबरच्या मधला आठवडा दिलायस. तो वर्षाचा ४२वा आठवडा, आणि त्या आठवड्यात तिथल्या शाळांना शरद ऋतूची सुट्टी असते. दारं बंद असतील. इंग्लंडला ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा, तेव्हा तिथे बहुतेक शाळांची सहामाहीतली सुट्टी. जर्मनीत १६ राज्यं आणि प्रत्येकाचं वेळापत्रक आपापलं, त्यामुळे ‘जर्मनीच्या सुट्ट्या’ असं शोधू नकोस, त्या राज्याचं नाव घालून शोध. दोन देश असे आपोआप गळले. इटलीचं म्हणशील तर रेज्जो एमिलिया शहरातल्या नावाजलेल्या बालशाळा कोणीही जाऊन बघाव्या अशा उघड्या नसतात. ठरलेल्या तारखांना अभ्यासगट असतात, त्यांतून जावं लागतं, आणि त्या तारखा तुझ्या तक्त्याशी जुळत नाहीत. तो प्रवास स्वतंत्र कर, पुढच्या वर्षी.

उरले फिनलंड, जर्मनी, नेदरलँड्स. फिनलंडला दोन शाळा दे: एक हेलसिंकीतली आणि एक लहान गावातली, जिथे पाहुणे फिरकत नाहीत. बाकी दोन देशांत एकेक. प्रत्येक शाळेत दहा-बारा दिवस.

फिनलंडबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे तू फार अपेक्षा घेऊन चालली आहेस. मीही तशीच गेले होते. एका छोट्या गावातल्या शाळेत पहिल्याच तासाला बसले, गणिताचा तास. शिक्षिकेनं पुस्तक उघडायला सांगितलं, एक उदाहरण फळ्यावर सोडवलं, मुलं वह्यांत गणितं करू लागली. बस. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी इतक्या लांब आले? मग ४५ मिनिटं झाली आणि मुलं सुट्टीला बाहेर पडली. दर तासाला अशी पंधराएक मिनिटं असतात. पाऊस भुरभुरत होता, तरी सगळी बाहेर. परत आली तेव्हा मी ओले कपडे टांगायच्या जागेजवळ उभी होते. पहिलीतला एक मुलगा चिखलानं माखलेली रबरी विजार काढायला बसला. तिथे पहिलीत मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी जातं, म्हणजे हा सहा-सात वर्षांचा. त्याची चेन अडकली. त्यानं ओढली, सोडली, दात लावून पाहिले. शिक्षिका दोन हातांवर उभी होती आणि पुढे झाली नाही. वर्गातली बाकीची मुलं येऊन बसली होती, तरी तिला घाई नव्हती. शेवटी चेन सुटली, त्यानं विजार वाळवायच्या कपाटात टांगली आणि मोज्यांवरच वर्गात गेला. (बऱ्याच शाळांत बूट बाहेर काढायचे असतात. माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते अख्ख्या दुसरीनं पाहिलं. मोजे धड घेऊन जा.)

दुपारी तोच मुलगा गळ्यात घराची किल्ली अडकवून एकटा चालत घरी निघाला. रस्ता ओलांडताना मोटार थांबली, यानं वळूनही पाहिलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की सकाळी ती शिक्षिका हात बांधून उभी राहू शकली ती या रस्त्याच्या जोरावर. गाव त्या पोराला एकटं चालू देतं, म्हणून शाळा त्याला चेनशी झुंजू देते. तिचा तो हात बांधून उभं राहण्याचा गुण उचलून मी दुसऱ्या कुठल्या शाळेत नेला असता, तर पालकांनी मला निष्काळजी ठरवलं असतं, आणि ते चुकले नसते.

मायकेल सॅडलर नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानं १९०० साली गिल्डफर्डच्या भाषणात हेच सांगितलं होतं. परदेशी शिक्षणपद्धतींच्या बागेत लहान मुलासारखं हिंडून इथलं फूल, तिथली पानं खुडायची, घरच्या मातीत खोचायची आणि झाड जगेल म्हणायचं, असं होत नाही. शाळेच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या गोष्टी जास्त मोलाच्या, असंही तो म्हणाला. टॉलस्टॉयनं तर ते त्याच्या चाळीस वर्षं आधी चालून पाहिलं होतं. १८६०-६१मध्ये तो युरोपातल्या शाळा बघत फिरला. मार्सेलच्या शाळांत मुलं घोकलेलं म्हणत, जरा आडवा प्रश्न विचारला की गप्प. मग तो शहरात हिंडला, कॅफे, नाटकं, कारखाने बघितले, आणि त्याच शहरातले कामकरी लोक त्याला चांगले हुशार दिसले. हे शाळेत शिकले नाहीत, मग शिकले कुठे, हा प्रश्न घेऊन तो परतला. निव्वळ शाळा पाहून परतला असता तर हा प्रश्न पडलाच नसता.

म्हणून रोज शाळा सुटल्यावर तासभर फाटकाशी उभी राहा. कोण न्यायला येतं, कोण एकटं जातं, कोण शेवटपर्यंत थांबतं. आत असताना मुख्याध्यापकांच्या इंग्रजीवर विसंबू नकोस. त्यांनी ती उत्तरं पन्नास पाहुण्यांना दिलेली असतात. जर्मनीत शाळेची देखभाल करणारा ‘हाउसमाइस्टर’ असतो, त्याच्याशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये बोल. फिनलंडमध्ये जेवणाच्या दालनात बस. सगळ्या मुलांना शाळेत फुकट जेवण तिथे १९४८पासून आहे, आणि कोण कोणाशेजारी बसतं हे तिथे जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक शाळेत विचार: इथे कोणती मुलं नाहीत? जर्मनीत हा प्रश्न फार लागू पडतो. बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, बघून ‘जर्मन मुलं किती अभ्यासू’ असं लिहिलंस तर चाळणीतून वर राहिलेल्यांबद्दल लिहिलंस. नेदरलँड्समध्ये उलटी गंमत आहे. सक्ती पाचव्या वर्षापासून, पण बहुतेक मुलं चौथ्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत येतात, त्यामुळे पहिल्या वर्गात वर्षभर नवी मुलं येत राहतात. तुझ्या दहा दिवसांत एखादं येईलच. त्या मुलाचा पहिला दिवस सकाळपासून शेवटपर्यंत लिहून काढ. प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच निघेल.

लिहायचं कसं, तर विशेषणं बंद. हॉरेस मॅन हा अमेरिकन शिक्षणाधिकारी १८४३मध्ये प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या शाळा पाहून आला. भारावून आला होता, आणि त्याचा अहवाल वाचून बॉस्टनचे ३१ शिक्षक इतके चिडले की त्यांनी छापील उत्तर दिलं. पण त्या अहवालातलं मला आजही उपयोगी पडतं ते एवढंच: धडा घेताना शिक्षक त्याला बसलेला दिसला नाही, आणि वाचन-स्पेलिंग सोडून इतर तासांना शिक्षकाच्या हातात पुस्तक दिसलं नाही. हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यावर भांडता येतं. ‘प्रेमळ’वर काय भांडणार?

मुलांचे फोटो काढू नकोस. परवानगीच्या कागदांत आठवडा जाईल, आणि कॅमेरा वर गेला की मुलं पुन्हा पाहुण्यासारखी वागू लागतात. वर्गाचा नकाशा काढ: दार, फळा, शिक्षक कुठून कुठे जातो त्याची रेघ. चित्रकला येत नाही हे कारण चालणार नाही, मलाही येत नाही.

निघताना प्रत्येक शाळेला तुझ्या टिपणांची एक प्रत देऊन ये, बोचणारं असलं तरी. एका शाळेला मी दिली नव्हती, लाजेनं. दोन वर्षांनी तिथल्या शिक्षिकेनं माझा छापलेला लेख कुठूनसा मिळवून वाचला आणि एकच ओळ लिहिली, ‘हे मला तेव्हाच विचारता आलं असतं.’ तिची मुलाखत मी चुकीची समजले होते.

आता फिनलंडच्या त्या लहान गावातल्या शाळेला आजच पत्र टाक. ‘भेट द्यायची आहे’ असं लिहू नकोस, ते एका सकाळचं उत्तर देतील. ‘दहा दिवस मागच्या बाकावर बसू द्याल का, जेवणाच्या दालनात ताटं उचलायला मदत करेन’ असं लिही. मसुदा झाला की पाठवण्याआधी मला दाखव, आणि नवा तक्ताही. रंग नाही दिलेस तरी चालेल.