"पाणी आणलं तर किती स्टार?"

आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. पलंगावरून तिने नातवाला हाक मारली, "बाळा, भांडंभर पाणी दे रे." आठ वर्षांचा नातू दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "किती स्टार?"

आजी तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी सुनेला एवढंच म्हणाली, "माझ्याकडे नाहीत गं ते स्टार."

हे सांगताना त्या मुलाची आई माझ्यासमोर रडत होती. "मॅडम, हे आम्हीच शिकवलं ना त्याला?" कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र तिचाच आहे, आणि तो घेऊन बरेच आईबाबा येतात. फ्रिजवर कामांचा आणि स्टारचा चार्ट लावला, सुरुवातीला जादू झाली, आणि आता मूल प्रत्येक कामाला "मला काय मिळणार?" विचारतं.

मी चार्टचा फोटो मागितला. सतरा ओळी होत्या. दप्तर भरणे, डबा धुवायला टाकणे, रात्री दात घासणे, तुळशीला पाणी घालणे, गोष्टीचं पुस्तक वाचणे, आजीशी नीट बोलणे... काम केलं की एक स्टार, चुकलं की एक वजा. पन्नास झाले की क्रिकेटची बॅट.

"यातलं चार्ट येण्याआधी तो आपणहून काय काय करायचा?" मी विचारलं.

ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. तुळशीला पाणी तो तीन वर्षांचा असल्यापासून आजीचा पदर धरून घालत आला होता. पुस्तकं त्याला आवडायचीच. आणि आजीशी बोलायला तर त्याला कधी सांगावंच लागलं नव्हतं.

"मग हे चार्टवर का घेतलंत?"

"स्टार पटपट जमावेत म्हणून. त्याला हुरूप यावा म्हणून."

हेतू किती चांगला होता! पण चूक नेमकी इथेच झाली. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेनं ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड कमी झाली नव्हती.

म्हणजे जे मूल आवडीने करतं, त्याला भाव लावला की ते त्याच्यासाठी 'काम' होतं. तुळशीच्या पाण्याचं हेच झालं, आजीचंही. पण याचा अर्थ चार्ट वाईट, असा मी काढत नाही. दात घासायचा त्या मुलाला मनापासून कंटाळा होता. तिथे मुळात आवडच नव्हती, त्यामुळे कमी होण्यासारखं काही नव्हतं. अशा एखाद्या सवयीला सुरुवातीचा टेकू म्हणून चार्ट छान चालतो. आणि एकाग्रतेचा त्रास असलेल्या, एडीएचडीच्या मुलांना तर लगेच, डोळ्यांना दिसणाऱ्या पोचपावतीचा खरंच आधार होतो. डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी तो सुचवला असेल, तर हे वाचून कृपा करून चार्ट काढून टाकू नका.

पुढच्या वेळी बाबाही आले. "कंपनीत आम्हाला इन्सेंटिव्ह मिळतोच की. मुलाने मागितलं तर बिघडलं कुठे?" मी त्यांना विचारलं, "आईच्या ऑपरेशनच्या रात्री तुम्ही दवाखान्यात जागलात, त्याचे किती लावले होते?" ते गप्प झाले. त्यांना दुखवायचं नव्हतं मला, पण घर आणि कंपनी यांतला फरक शब्दांत सांगणं मला त्याहून नीट जमलं नसतं.

मग आम्ही सतरा ओळींची एक ओळ केली: रात्रीचे दात. दोन महिन्यांसाठी. मिळवलेला स्टार काढून घ्यायचा नाही. 'वजा'ने मूल सुधारत नाही, हिशेबावर भांडायला शिकतं. बक्षीस विकत आणायचं नाही. सात रात्री झाल्या की रविवारी बाबांबरोबर मैदानावर. घरची बाकीची कामं सगळ्यांची. ताटं कोण घेणार, अंथरुणं कोण घालणार, हे जेवताना बोलून ठरवायचं. केल्यावर "शहाणा माझा बाळ" याऐवजी काय झालं ते सांगायचं: "तू ताटं घेतलीस, म्हणून मला पाच मिनिटं बसता आलं."

अडलं ते बॅटवर. जुन्या चार्टवर अडतीस स्टार झाले होते. बाबा म्हणाले, "पन्नास झालेच नाहीत, सोडून द्या." मी ठाम राहिले. खेळ मध्येच मोठ्यांनी मोडला होता, तोटा मुलाला का? बॅट आणली. "आमचा नियम चुकला, तू नाही," असं त्याला सांगितलं. हे सांगणं आईला फार जड गेलं, पण तिने सांगितलं.

पहिले दहा दिवस वाईट गेले. ताटं घ्यायची वेळ आली की पोटात दुखायचं. स्टार नाही तर मी नाही, म्हणून एकदा दप्तर फेकलं. बक्षीस बंद झालं की वागणं आधी बिघडतं; ते पुन्हा सुरू होतंय का, हे मूल चाचपून बघतं. मी आईला आधीच बजावलं होतं, तरी तिचे दोन फोन आलेच.

सहाव्या आठवड्यात तिचा आणखी एक फोन आला. आजीने पाणी मागितलं होतं. तो घेऊन आला, अर्धं वाटेतच सांडलं, आणि भांडं हातात देत म्हणाला, "हे फुकट हं, आजी!"

"म्हणजे अजून मोजतोच ना तो?" आईचा आवाज काळजीत होता.

"मोजतोय अजून," मी म्हटलं. "आजी काय म्हणाल्या?"

"सांडलेलं पाणी दोघांनी मिळून पुसलं. त्या पलंगावरून त्याला कोपरे दाखवत होत्या."